त्याग कीं आवड ?

एखादी कर्ती स्त्री वारली म्हणजे तिच्या दुखवट्याच्या सभेंत ‘त्याग’ हा शब्द जितक्या सहज उच्चारला जातो, तितक्या सहज तो कर्त्या पुरुषाच्या वांट्यास येत नाहीं. पुरुषानें ‘कार्य’ केलेलें असतें. स्त्रीनें ‘त्याग’ केलेला असतो. ती स्त्री जर आई असेल, तर वक्त्यास दुसऱ्या शब्दाची गरजच भासत नाहीं. आमच्या आईच्या निधनानंतर भरलेल्या सभेंत हा शब्द आम्हीं अनेक वेळां ऐकला. बोलणाऱ्यांची भावना निर्मळ होती, याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. परंतु हा शब्द त्या स्त्रीची स्तुति करतो, कीं तिच्यावर एक सूक्ष्म अन्याय करतो, या प्रश्नाचा विचार केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

आईनें १९५६ पासून ३७ वर्षें पुण्यांतील एका प्राथमिक शाळेंत शिकविलें. निवृत्तीनंतर तिनें जवळच्या वस्तींतील बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालविला. आणि या सर्व काळांत घरामागच्या वीस हात लांब जागेंत तिनें बाग केली. सभेंत शाळेचा उल्लेख झाला, वर्गाचा झाला. बागेचा मात्र कोणीहि केला नाहीं. तें स्वाभाविकच होतें. मोगरा लावण्यांत त्याग कोठला? मातींत हात घालून बसलेल्या बाईनें कांहीं सोडलें आहे, असें तिच्याकडे पाहून कोणासहि म्हणवलें नसतें. ती सुखांत आहे, हें दिसतच असे.

त्याग म्हणजे आपणांस हवी असलेली वस्तु दुसऱ्या कशासाठीं तरी सोडणें. ज्या व्यक्तीनें आयुष्यभर आपणांस हवें तेंच केलें, तिनें त्याग केला असें म्हणणें म्हणजे तिला तें हवें नव्हतें असें म्हणणें होय. शिकविणें ही आईची आवड होती, आणि ती बागेच्या आवडीहून निराळ्या जातीची नव्हती. मोगऱ्याचीच गोष्ट घ्या. थंडीच्या प्रारंभीं ती त्याचें पाणी तोडी. माळी ज्याला ‘ताण देणें’ म्हणतात तें हेंच. पानें मलूल होत, शेजारणी हळहळत, पण ही बधत नसे. पौषांत छाटणी करावयाची, अळें खणून शेणखत घालावयाचें, आणि मगच पाणी सोडावयाचें. उन्हाळ्याच्या तोंडीं झाड कळ्यांनीं भरून जाई. वर्गांतहि तिची रीत अशीच होती. फळ्यापाशीं उभा राहिलेला मुलगा अडला, तर ती उत्तर सांगत नसे. सगळा वर्ग स्तब्ध, आणि ही खिडकीबाहेर पाहत उभी. तिच्या हाताखालून गेलेले कित्येक जण आज आजोबा झाले आहेत, आणि त्या स्तब्धतेची आठवण त्यांना अजून सुखाची वाटत नाहीं. ती मायाळू बाई होती असें सभेंत जें सांगण्यांत आलें, तें ऐकून त्यांच्यांतील दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हंसले. त्यांची आठवण वक्त्यांपेक्षां खरी होती.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच दिवशीं खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. आई तेव्हां पंचवीस-सव्वीस वर्षांची होती. शाळेच्या खोल्यांतून बेघर झालेलीं कुटुंबें येऊन राहिलीं होतीं, आणि ती पहांटेपासून रात्रीपर्यंत तेथें राबे. पुढें त्या दिवसांची हकीकत ती अनेकदां सांगे. किती पातेलीं पिठलें झालें, कपड्यांच्या गठ्ठ्यांची वांटणी कशी लावली, रांगेंत कोण भांडलें, हें सारें ती अशा हुरुपानें सांगे कीं, ऐकणाऱ्यास थोडा संकोच वाटावा. एवढ्या मोठ्या संकटाच्या वर्णनांत हा उत्साह कशास, असें आमच्या वडिलांस वाटे. आम्हांस वाटतें, तो उत्साह हेंच त्या सेवेचें मर्म होतें. दुःख पाहून नुसतें हळहळणारे लोक तिसऱ्या दिवशीं थकून घरीं जातात. ज्यांना कामाचाच नाद आहे, ते महिनाभर टिकतात.

सावित्रीबाई फुले यांचें उदाहरण येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. १८४८ सालीं त्यांनीं शिकविण्यास आरंभ केला. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांनाच प्लेगानें गांठलें, आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. या दोन टोंकांमध्यें आपण त्यागाची रेषा ओढतों. परंतु १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘काव्यफुलें’ या संग्रहांत चाफा, जाई, गुलाब अशा फुलांवरहि कविता आहेत, हें किती जणांस ठाऊक असतें? अंगावर शेणमाती झेलणारी स्त्री आपणांस ओळखीची आहे. जाईकडे निवांत पाहणारी अनोळखी आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणींतहि घरांतील बायकांचा जाच सोसून केलेला अभ्यास आहे. तो सोशिकपणा आपण उचलून धरतों, आणि ज्या जबर हौसेपायीं तो सोसला, ती हौस वाचूनहि वाचीत नाहीं.

शब्दांचे परिणाम सभेपुरते राहत नाहींत. बालवाडी, अंगणवाडी या शब्दांतील ‘वाडी’ म्हणजे कोंकणच्या माणसाला बागच. १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं बोर्डीस लहान मुलांच्या शिक्षणाचें जें काम उभारलें, त्याच परंपरेंतले हे शब्द. आणि १९७५ सालीं सरकारी योजना निघाल्यावर अंगणवाड्या देशभर पसरल्या. पण त्या बागेंत राबणाऱ्या बाईस आजहि वेतन मिळत नाहीं, मानधन मिळतें. तिचें नांवहि ‘सेविका’. जी त्याग करावयासच आली, तिला पगाराचा हक्क कसला, असा हिशेब या गोड शब्दांच्या पोटांत दडलेला आहे. आमच्या आईस पगार मिळे, आणि वाढ थकली म्हणजे ती कचेरींत जाऊन भांडे. हेंहि सभेंत कोणी बोललें नाहीं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो आमच्याच घरांतला आहे. आईनें कांहींच सोडलें नसेल, तर मग आम्हां मुलांचें जें गेलें तें कोणीं नेलें? आमच्या धाकट्या भावास गोवर आला होता त्याच आठवड्यांत तिच्या शाळेची परीक्षा होती. त्याच्या उशाशीं आजी बसली. तो तें विसरलेला नाहीं. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाल्यापासून मराठी घरांत आईचें जें माप ठरलें, त्याला आमची आई पुरी पडत नव्हती. आमचें मत असें आहे कीं, मुलाचा आईच्या वेळावर हक्क असतो, पण सगळ्या वेळावर नसतो. आमचे वडील दिवेलागणीस परत येत, त्यांच्याविरुद्ध आम्हां भावंडांपैकीं कोणाचीहि तक्रार नाहीं. मात्र किंमत कोणी तरी दिली, हें खरें. तिच्या आवडीची किंमत थोडी आम्हीं दिली, पुष्कळशी आजीनें दिली. आईस त्यागमूर्ति ठरविलें म्हणजे हा हिशेब मिटल्यासारखा होतो, आणि आजी तर त्यांतून साफ पुसली जाते. आवड म्हटली तर वही उघडी राहते. ती तशी राहावी, हेंच आम्हांस योग्य वाटतें.

शाळेंत तिची तसबीर लावण्याचें ठरलें, तेव्हां खालच्या पाटीवर काय लिहावें याची चर्चा झाली. नांव, आणि १९५६ ते १९९३ हीं सालें, एवढेंच लिहावें असें आम्हीं सुचविलें. मुख्याध्यापिकांस तें फार कोरडें वाटलें. खरा विरोध धाकट्या भावानें केला. त्याला ‘त्यागमूर्ति’ हाच शब्द हवा होता. तें नुसतें तिच्या आवडीचें काम असेल, तर त्या आठवड्यांत आपण एकटे कशासाठीं पडून होतों, असें त्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं आपलें म्हणणें सोडलें नाहीं, आणि पाटी आमच्या म्हणण्याप्रमाणें झाली. त्यानें आपल्या घरीं दुसरी तसबीर लावली आहे. तिच्याखालीं तो शब्द आहे. तेथें गेलों म्हणजे आम्ही त्याविषयीं कांहीं बोलत नाहीं.