ऊस दिसला, कोयता दिसला नाही

‘साखर कशापासून तयार होते?’ या प्रश्नाला ‘उसापासून’ असं उत्तर लिहिलं की पैकीच्या पैकी गुण मिळतात. आपण सगळे याच उत्तरावर पास होत आलो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे.

अन्न कुठून येतं हे मुलांना कळावं, अशी तळमळ अलीकडे वाढली आहे. शहरातल्या शाळा आषाढात भातलावणीला नेतात, थंडीत हुरड्याच्या सहली काढतात. चिखलाने माखलेल्या मुलांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरतात. याची टिंगल करण्याचं कारण नाही. भुईमुगाचं फूल वर उमलतं, मग त्याची आरी खाली वाकून जमिनीत शिरते आणि शेंग मातीत धरते, हे ज्या मुलाने झाड उपटून डोळ्यांनी पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. पण अशा सहलीत मुलांची गाठ पिकाशी पडते, पीक काढणाऱ्याशी नाही. पडलीच तर तो फेटा बांधून, बैलगाडी सजवून पाहुण्यांच्या स्वागताला उभा असतो.

उसाचंच बघा. सुरू ऊस तयार व्हायला वर्ष लागतं, आडसालीला १६ ते १८ महिने. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती तोडणीतून फेडायची. नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. आई-बापांबरोबर मुलंही येतात. फडाजवळच्या कोपीत राहतात, धाकट्या भावंडाला सांभाळतात, उसाचे वाढे म्हणजे शेंडे गोळा करू लागतात. या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली. त्यांनी कित्येकांचं शिक्षण वाचवलं, तरी दरवर्षी ट्रॅक्टरवर बसून निघणारी मुलं संपलेली नाहीत.

म्हणजे साखर कुठून येते हे एका मुलाला अजून कळायचं आहे आणि त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाचं, ते कळण्यापायी, बाकीचं शिकणं बुडतं आहे. शेतीचा धडा पहिल्याला शिकवताना दुसऱ्याला वगळायचं, हे शिक्षण प्रामाणिक नव्हे.

‘कोवळ्या मनांवर हे ओझं कशाला?’ असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. दुधातली साखर मुलाला कडू लागावी असा हेतू मुळीच नसावा. पण वाटणीतला अन्याय मुलांना आपल्याआधी कळतो. भावाला मोठा लाडू आणि आपल्याला लहान, एवढ्यावर सहा वर्षांचं पोर घर डोक्यावर घेतं. हिशेब मागण्याची ही उपजत बुद्धी ताटापर्यंत न्यायची, एवढंच. हे कुणी पेरलं? कुणी कापलं? त्याच्या हाती किती पडलं? पाऊस गेला असता तर बुडालं कोण असतं? उत्तरं आपल्याला ठाऊक नसली तर मुलांबरोबर शोधावीत. ‘बिचारा शेतकरी’ मात्र शिकवू नये. कीव केली की आपलं कर्तव्य संपल्यासारखं वाटतं. ‘अन्नदाता’ म्हणून हात जोडल्यावरही तसंच वाटतं.

शिक्षणाला कष्टाशी जोडण्याचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आलं, की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात. त्यांनी मुलांना बोल लावला नाही, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेने मुलांच्या कामाला कमी लेखलं नाही आणि काम आहे म्हणून त्यांचं शिक्षणही सोडून दिलं नाही. आपण मात्र अजूनही घराघरांत मुलांना दरडावतो, ‘अभ्यास कर, नाहीतर गुरं राखायला जाशील.’ शेती म्हणजे नापासांना मिळणारी शिक्षा, हा धडा मुलं आपल्याच तोंडून शिकतात. मग वर्षातून एका सहलीने तो कसा पुसावा?

फडावरून चैत्रात परतलेलं मूल शाळेच्या लेखी ‘मागे पडलेलं’ असतं. साखरेबद्दल वर्गात सर्वांत जास्त त्यालाच माहीत असतं, पण त्या माहितीला गुण नसतात. उद्या एखाद्या शिक्षकाने त्याला उसाविषयी बोलतं केलं, तर वर्गाला पुस्तकापलीकडचं काही मिळेल. मात्र त्याला फळ्यापुढे उभं करण्याआधी त्याचे बुडालेले पाच महिने भरून द्यायला हवेत: बेरीज-वजाबाकी, वाचन, सगळं, शेजारी बसून. आपल्या चहातली साखर तोडली जात असतानाच त्याचा अभ्यास बुडाला. ती परतफेड आपण करतो आहोत असं बाकीच्या मुलांना दिसलं, तर अन्न कुठून येतं याचं निम्मं उत्तर त्यांना तिथेच मिळेल.