'कृते' केलेली सही

सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य इतरांच्या सह्या तपासण्यात जाते. अर्जाच्या तळाशी 'पालकाची स्वाक्षरी' हा रकाना भरलेला दिसला की आम्ही कागद पुढे सरकवतो. त्या सहीने नेमके काय घडते, हा प्रश्न आम्हांला कचेरीत कधी पडला नाही. तो घरात पडला.

नागपूरहून दिल्लीस आमची बदली झाली, तेव्हा मुलगी सातवीत होती. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आम्ही सही केली, नव्या शाळेच्या प्रवेश-अर्जावर केली, मराठीऐवजी कोणती भाषा घ्यावयाची त्या पत्रकावरही केली. तिसऱ्या सहीच्या वेळी ती शेजारी उभी होती. म्हणाली, "बाबा, शाळा माझी, भाषा माझी, पण मला कुणी काही विचारलंच नाही." आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतो. शब्द कठोर आहे, हेतू मात्र मायेचा आहे. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषने अज्ञान असताना २०,००० रुपयांसाठी आपली मिळकत एका सावकाराकडे गहाण लिहून दिली होती. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली दिला. मुलाच्या सहीला किंमत नाही, ती यासाठी की तिचा फायदा कोणी लबाडाने घेऊ नये.

पण मग मुलाच्या वतीने सही कोणी करायची? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने वडिलांस, आणि त्यांच्या 'नंतर' आईस, नैसर्गिक पालक मानले. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ साली निकाल लागला: 'नंतर' म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर वडिलांच्या अनुपस्थितीत. नवरा परगावी नोकरीस आणि बायको मुलांसह मागे, हा संसार आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यांना या एका शब्दाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही हा वाद आईचा की बापाचा, एवढाच होता. मुलाचे म्हणणे कायद्यास अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात म्हटले आहे की, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. येथे आम्ही थबकलो. आईबाप विभक्त होऊन कोर्टात उभे राहिले म्हणजे न्यायाधीश मुलाला जवळ बोलावून विचारणार. आणि घर धड असेल तर त्याला कोणीच विचारणार नाही! बोलण्याचा हक्क मिळण्यासाठी मुलाने घर मोडण्याची वाट पाहावी काय?

कोणी म्हणेल, मुलांचे ऐकत बसलो तर बदलीचा हुकूम फिरणार आहे थोडाच? नाही फिरणार. पण विचारणे वेगळे आणि मानणे वेगळे. जो निर्णय बदलता येत नाही, त्याचेही कारण सांगता येते.

वरिष्ठ जागेवर नसले म्हणजे आम्ही त्यांच्या नावाआधी 'कृते' लिहून सही करतो. हात आमचा, अधिकार त्यांचा. ते परतले की कागद त्यांच्यापुढे ठेवावा लागतो, आणि भलतेच काही लिहिले असेल तर जाबही द्यावा लागतो. पालकाची सही अशीच 'कृते' असते. ज्याच्या वतीने ती केली, तो अठरा वर्षांचा होऊन एके दिवशी आपल्या खुर्चीवर येऊन बसणार आहे. त्याने कागद मागितले तर आपण दाखवू शकू, एवढे तरी आपण आज पाहावे.

भाषेचे पत्रक शाळेत जायचे होते. ते आम्ही मुलीपुढे ठेवले. आम्ही लिहिलेली भाषा खोडून तिने दुसरी लिहिली. खोडलेल्या जागी पुन्हा सही लागते, हा कचेरीचा नियम. ती आम्ही केली. या खेपेस मात्र सही कोणाच्या वतीने करीत आहोत, हे आम्हांला ठाऊक होते.