बुजवण्याआधी

नळ आल्यापासून मालवणजवळच्या आमच्या घरामागची बाव कोणी वापरत नाही. पाणी हिरवं झालंय, डास वाढलेत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकींना मलेरिया झाला. "बुजवूया," असं बाबा फोनवर म्हणाले. मी पुण्यातून लगेच हो म्हणणार होतो. पण टेबलावरच्या, जुन्या बाजारातून घेतलेल्या पितळी सूक्ष्मदर्शकाकडे पाहून थांबलो.

१८४०च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर हेन्री जॉन कार्टर मुंबईत नोकरी सांभाळून असल्याच यंत्राशी बसायचा. तिथल्या तळ्यांतले गोड्या पाण्यातले स्पंज तो तपासत होता. ही वनस्पती की प्राणी? या उत्तरानं कुणाचा ताप उतरणार नव्हता. एका स्पंजाच्या शास्त्रीय नावात आजही 'कार्टेरी' आहे.

२० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. पुढे मलेरिया रोखण्यासाठी मुंबईतल्या कितीतरी विहिरी बंद झाल्या. म्हणजे एकानं साचलेल्या पाण्यात जीव पाहिला, दुसऱ्याच्या शोधानं तेच पाणी बुजवायचं कारण दिलं. दुसरा चुकला, असं मी म्हणणार नाही. तापानं फणफणलेल्या मुलाच्या आईला स्पंजाचं कौतुक ऐकवणं हा निर्लज्जपणा होईल.

मग कार्टरचं पाहणं नुसती चैन होती का?

माझ्या कामात मी दिवसभर लॉग तपासतो. जे शोधायचं आधी ठरलंय, तेवढंच त्यात दिसतं. नोंदवायचं कुणाला सुचलंच नाही ते माझ्यासाठी नसतंच. उपयोगाची नजर अशीच असते. काय काढून टाकायचं ते ती अचूक सांगते, त्यासोबत आणखी काय जाणार आहे ते सांगत नाही. ते हौशी माणसाला ठाऊक असतं, कारण तो काही मागायला आलेला नसतो. आपण काय गमावतोय हे माहीत असताना घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी घेता येते. माहीत नसताना घेतलेला निर्णय फक्त सोयीचा असतो.

बाबांना म्हटलं, "तोवर बावीत गप्पी मासे सोडा, दोन आठवड्यांनी मी येतो." सूक्ष्मदर्शक सोबत नेणार आहे. कदाचित शेवटी बाव बुजवूच. पण काय बुजवलं, ते मला सांगता यायला हवं.