दोन घरांतल्या दोन तळ्या



पवित्र गुरुवारी रात्री आपल्या श्रद्धासमूहांत वाटल्या जाणाऱ्या बेखमीर भाकरीचे पीठ यंदा गिरणीतून न आणता हाताने दळावे, अशी आपल्या महिला मंडळाची इच्छा होती. (वेदीवरच्या ओस्त्यांचा यात संबंध नाही, त्या नेहमीप्रमाणेच येतील. दोघातिघांनी विचारले म्हणून लिहितो.) इच्छा चांगली होती, पण जाते कोणाकडेच नव्हते. ज्यांच्या घरी होते त्यांनी इमारतीत राहायला जाताना ते जुन्या अंगणातच सोडून दिले होते. शेवटी आपल्या धर्मग्रामातील एका बंधूंनी सांगितले की, त्यांच्या कारखान्यातील मित्राच्या गावी एक जुने जाते पडून आहे, मागितले तर मिळेल. गाव भोर तालुक्यातले हिर्डोशी. मागच्या मंगळवारी सकाळची मिस्सा झाल्यावर आम्ही त्या बंधूंबरोबर त्यांच्या गाडीतून निघालो.

कापूरहोळला महामार्ग सोडून भोर आणि भोरहून पुढे वरंधा घाटाचा रस्ता. हा सगळा मुलूख हिरडस मावळाचा. पावसाळ्यात इकडे धो धो पाऊस पडतो, भात आणि उतारावर नाचणी, वरी होते. आता मात्र डोंगर पिवळे पडलेले आणि खाली नीरा देवघर धरणाचे पाणी उन्हात चकाकत होते. पाहायला ते पाणी सुंदर दिसते. त्याच्या तळाशी लोकांची शेते आहेत हे बरोबरच्या माणसाने सांगितल्यावर आम्ही गप्प झालो.

मित्राच्या घरी त्यांची आई ओट्यावर बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. आमचा पांढरा झगा पाहून तिने विचारले, “तुमच्यातलं महाराज का?” आमचे बंधू म्हणाले, “होय आज्जी, महाराजच.” मग जात्याचा विषय निघाला. आज्जीने अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे एका दगडावर मोरीचे कपडे आपटून धुतले जात होते. ती जात्याची खालची तळी. वरची कुठे आहे विचारले तर आज्जी बोलेना. मुलगाही बोलेना. सून आतून म्हणाली, “ती थोरल्यांच्या घरी हाय.”

हकिगत हळूहळू कळली. (नावे सांगत नाही आणि हे त्यांना विचारूनच लिहीत आहोत.) धरणात गेलेल्या जमिनीच्या पैशावरून दोघा भावांचे बिनसले आणि वाटणी झाली. शेत वाटले, भांडी वाटली, कणग्या वाटल्या. जात्यावर येऊन गाडे अडले. दोघांनाही दळण गिरणीतूनच येत होते, जात्याची गरज कोणालाच नव्हती, तरी सोडायला कोणी तयार नव्हते. तेव्हा मध्यस्थांपैकी कोणीतरी वैतागून म्हणाले, “घ्या मग एकेक तळी!” आणि त्यांनी खरेच एकेक तळी घेतली. धाकट्याची झाली धुण्याचा दगड, थोरल्याची झाली पाण्याच्या हंड्याखालची बैठक. दोन्ही घरांत जेमतेम वीस पावलांचे अंतर. याला बारा वर्षे झाली.

पवित्र शास्त्रात अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. कर्जाच्या तारणापोटी कोणाचे जाते घेऊ नये, जात्याची नुसती वरची तळीदेखील घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणे होय. सेमिनरीत हा नियम वाचताना आम्हाला प्रश्न पडे की, नुसती वरची तळी घेऊन सावकार करणार काय? उत्तर सोपे आहे. खालची तळी जमिनीत रोवलेली असते, वरची उचलून नेता येते. आणि एक उचलून नेली की दुसरी तिथल्या तिथे मरते. त्या काळी रोजचे पीठ रोज दळत. सकाळी तळी गेली तर संध्याकाळी पोरांच्या ताटात भाकर नाही. हिर्डोशीला पोरे उपाशी राहिली नाहीत, गिरणी होती. पण त्या आज्जीकडे पाहताना आम्हाला वाटले, जीव गहाण पडला तो हिचा.

आम्ही म्हणालो, “आज्जी, आम्ही थोरल्यांकडे जाऊन मागू का?” ती म्हणाली, “मागा की. पर एक सांगते. न्यायचं तर दोन्ही मिळून न्या. एका तळीनं काय दळतंय व्हय?”

थोरल्यांनी आमचे स्वागत नीट केले, चहा दिला. तळी न्या म्हणाले, हंड्याखाली दुसरा दगड ठेवतो म्हणाले. “पण मी त्या अंगणात पाय ठेवणार नाही.” आम्ही त्यावर काही उपदेश केला नाही. खरे सांगायचे तर सुचलाच नाही. आम्ही वाकून तळी उचलू लागलो. ती हातभर रुंद, काळ्या पाषाणाची. आमच्या कमरेचे हाल आपल्याला ठाऊक आहेतच. दोन पावले गेलो असू, तोच मागून आवाज आला, “ओ महाराज, ठेवा ती. पडंल पायावर.” आणि त्यांनीच ती उचलली, खांद्यावर घेतली आणि वीस पावले चालून आईच्या पुढ्यात आणून ठेवली. लगेच वळून जाणार होते. आज्जी म्हणाली, “बस जरा. टाकीवाल्याला बोलवायचंय.”

आता टाकीविषयी थोडे, कारण आपल्या तरुणांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नाही. जाते वापरून वापरून गुळगुळीत होते. गुळगुळीत जाते दिसायला छान दिसते. शहरातल्या हॉटेलांच्या दारात फुले घालून मांडलेली असतात ती तशीच. पण ते दळत नाही, दाणा नुसता चेपते. मग छन्नी-हातोडीने दोन्ही तळ्यांच्या आतल्या तोंडांवर बारीक खड्डे पाडावे लागतात. याला जात्याला टाकी लावणे म्हणतात. पूर्वी गावोगाव हे काम करणारे ओरडत फिरत. आज असा माणूस शोधावा लागतो. हिर्डोशीला एक म्हातारे गृहस्थ मिळाले, पूर्वी हे काम केलेले. ते मांडी घालून बसले, तळीवर हात फिरवला आणि आधी पाण्याने, मग काथ्याने घासून घ्यायला सांगितले. एका तळीवर बारा वर्षांचा साबण, दुसरीवर शेवाळ. त्यानंतर दोन तास टक टक टक. फार जोरात मारली तर तळी फुटते, हलकी मारली तर नुसता ओरखडा उठतो. त्यांनी दगडात नवीन काही घातले नाही. होते त्यातलेच थोडे काढले.

आम्ही बाजूला बसून पाहत होतो. असले काम आम्ही एकदा स्वतः केले आहे. आमच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध फादरांकडे हाताने फिरवायची जुनी कॉफीची चक्की होती. लाकडी पेटी, वर लोखंडी दांडा, खाली पुडीचा खण. (प्यूजो ही मोटारींची फ्रेंच कंपनी १८४० सालापासून अशा चक्क्या करत होती, मोटारी पुष्कळ नंतर आल्या. फादर हे सर्वांना सांगत.) ती अडकून बसली होती. आम्हाला वाटले गंजली असेल. उघडली तर गंज थोडाच होता. आतल्या दातांत जुन्या कॉफीचे तेल साचून त्याचा डांबरासारखा थर झाला होता. ब्रशने आणि काडीने तो खरवडला, मग मूठभर कोरडे तांदूळ दळून टाकले आणि ती फिरू लागली. तोडमोड काहीच झालेली नव्हती. वर्षानुवर्षे जे चांगलेच दळले, त्याचाच मळ दातांत बसला होता.

बंधु-भगिनींनो, आम्ही हे आमच्याविषयी आणि तुमच्याविषयीही सांगत आहोत. आपल्यातले किती जण दर रविवारी न चुकता मिस्सेला येतात, रोझरी करतात, प्रायश्चित्तकाळात मांसमच्छी वर्ज्य करतात. त्यांची मने वाईट नाहीत. गुळगुळीत झाली आहेत. शुभवर्तमानाचा दाणा पडतो आणि तसाच्या तसा बाहेर येतो. पापनिवेदनाला बसल्यावर आम्हाला वर्षानुवर्षे त्याच व्यक्तीकडून तीच यादी त्याच क्रमाने ऐकू येते. आणि आम्ही स्वतः पापनिवेदनाला जातो तेव्हा आमच्या धर्मगुरूंनाही तेच ऐकू येत असणार. भावाशी बोलत नाही, हे त्या यादीत नसते. त्याला आपण पाप म्हणत नाही, ‘घरची भानगड’ म्हणतो.

टाकी संपत आली तेव्हा लाकडाचा प्रश्न निघाला. खुंटा कुजला होता. वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसते ती माकडी तर नाहीशीच झाली होती. धाकट्याने नवा खुंटा तासून आणला. माकडी थोरल्यांनी करून आणली, त्यांच्या घरी सुतारकामाची हत्यारे होती. तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला थीसियसच्या जहाजाचा प्रश्न फार आवडे. जहाजाची एकेक फळी बदलत गेली तर शेवटी ते तेच जहाज राहते का? प्लुटार्कने तो प्रश्न नोंदवून ठेवला आहे आणि आम्ही त्यावर पाने भरून लिहिले होते. आज्जीला गमतीने विचारले की, खुंटा नवा, माकडी नवी, मग हे जाते तुमचेच का? ती म्हणाली, “खुंटा तर नेहमीच बदलायचा. दगड माज्या सासूच्या हातचा हाय.” आमची पाने फुकट गेली.

तळ्या एकावर एक ठेवल्या आणि जाते फिरेना. एकमेकींवर घट्ट बसल्या होत्या. टाकीवाल्या बाबांनी वरची उचलायला लावून मधल्या लोखंडी खिळ्याभोवती चिंधीची चुंबळ घातली. तळी केसभर वर आली आणि घरघर सुरू झाली. अंतर नसेल तर दगड दगडालाच दळतो आणि पिठात कच येते. अंतर जास्त झाले तर दाणा आख्खा निसटतो.

आम्ही धर्मगुरू समेट घडवताना इथेच चुकतो. भांडलेल्या भावांना आम्ही पुन्हा एका चुलीवर बसवू पाहतो आणि ते जमले नाही की समेट फसला म्हणतो. प्रभू येशू मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगतो ते एवढेच आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा. वाटणी रद्द करा असे तो म्हणत नाही. दोन घरे दोनच राहू द्यावीत, मध्ये चिंधीएवढे अंतरही राहू द्यावे. पण एकमेकांसमोर यावे लागते. त्या दोन भावांचे आम्ही काही जुळवले असे आम्हाला वाटत नाही. ते एकमेकांशी बोलले ते फक्त माकडी बसवताना, “जरा तिरकी कर,” “आता धर” एवढेच.

पहिल्या दोन मुठी दळून फेकून दिल्या, टाकीचा चुरा येतो म्हणून. मग आज्जी बसली. समोर बसायला कोणी तरी हवे होते. मत्तयच्या चोविसाव्या अध्यायात जात्यावर दळणाऱ्या दोघी येतात, कारण ते कामच दोघींचे. धाकटी सून बसली. थोड्या वेळाने थोरली सून दारात येऊन उभी राहिली. आज्जीने धाकटीला उठायला सांगितले नाही, थोरलीला बोलावलेही नाही. थोरली आपणच आली आणि मुठीने घास टाकू लागली. आज्जीने ओवी गायली, आवाज फाटका होता पण सुरात होता.

हे ऐकून कोणी ‘जुने ते सोने’ म्हणू नये. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बायकांचे खांदे त्या दगडाने मोडले आहेत. गिरणी आली ते बरेच झाले. पण गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून आणि इतरत्र बायकांकडून ज्या ओव्या गोळा केल्या त्या एक लाखाहून अधिक भरल्या. २०१७ पासून त्या इंटरनेटवर प्रसिद्ध होत आहेत. घरात दुसरीकडे कुठे बोलता येत नव्हते ते बायका जात्यापाशी बोलल्या. देवाने शिक्षा करायची ठरवली की जात्याचा आवाज बंद पडतो, असे यिर्मया संदेष्टा सांगतो आणि प्रकटीकरणाचे पुस्तकही तेच सांगते. आवाज बंद पडतो म्हणजे घर बंद पडते.

जाते आम्ही आणले नाही. आणणे बरे दिसले नसते. आज्जी म्हणाली, “दळायचं तर इथं या.” तेव्हा महिला मंडळातील ज्यांना शक्य आहे त्यांनी येत्या शनिवारी सकाळी सात वाजता चर्चच्या आवारात जमावे. गहू निवडून, घरूनच आणावेत, तिकडे गहू होत नाही. पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात.

आणखी एक. आमचाही थोरला भाऊ आहे. आई गेल्यावर घराच्या प्रश्नात आम्ही त्याला एक पत्र लिहिले होते. त्यातले एक वाक्य लिहायला नको होते. सहा वर्षे आम्ही कोणाच्या लग्नात किंवा मर्तिकात भेटतो, नमस्कार करतो. या सहा वर्षांत आम्ही रोज वेदीपाशी उभे राहिलो आहोत. परतताना भोरला चहासाठी थांबलो तेव्हा त्याला फोन लावला. वहिनींनी घेतला. तो बाहेर गेला होता. “सांगते,” म्हणाल्या, आणि मग विचारले, “सगळं ठीक आहे ना?” हे लिहीपर्यंत त्याचा फोन आलेला नाही. रविवारची दुसरी मिस्सा झाल्यावर आम्ही पुन्हा करणार आहोत, तेव्हा त्या दिवशी मिस्सेनंतर थोडा वेळ कार्यालय बंद राहील.

आपले धर्मगुरू