हे कोणी काढलं?

सावकाश बसा. हातात एक पातळ चोपडी आहे असं समजा. अक्षरं जांभळी, काही ओळी इतक्या फिकट की कागद उजेडाकडे तिरका धरावा लागतो. मार्च १९६१, डेट्रॉइट. ‘ऑल्टर-इगो’ या हौशी पत्राचा पहिला अंक. तो काढणारा जेरी बेल्स विद्यापीठात विज्ञान शिकवायचा. त्याचा साथीदार रॉय थॉमस तिकडे मिसुरीत, अजून विद्यार्थी. मैत्री जमली ती पत्रांतून. विषय एकच: वाचून झाल्यावर रद्दीत जाणाऱ्या चित्रकथा.

त्या जांभळ्या रंगापाशी थांबा. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलसारखी इथं यंत्रात शाई नसते. वरच्या कागदावर दाबून लिहायचं, चितारायचं. खालच्या कागदावरचं रंगीत मेण त्याच्या पाठीला उलटं चिकटतं. मग तो कागद रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. स्पिरिटनं ओलावलेला कोरा कागद त्यावरून जातो आणि जाताना रंगाचा एक पापुद्रा घेऊन जातो. प्रत्येक प्रत मूळ पानाला थोडं रितं करते. काहीशे प्रतींपर्यंत रंग पुरतो, मग पान संपतं. दुसरं पान चढवा, पुन्हा हँडल. ते मनातल्या मनात फिरवून बघा, घाई नको. मागच्या प्रती फिक्या येणार हे काढणाऱ्याला माहीत आहे. तरी तो काढतो आहे.

हे लोक एकमेकांना सापडले कसे? डीसी कॉमिक्सचे संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ १९६१च्या सुमाराला वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ता छापू लागले; मग वाचक थेट एकमेकांना लिहू शकत. गोष्ट एवढीच. पण १९३२ साली ते स्वतःच ‘द टाइम ट्रॅव्हलर’ हे विज्ञानकथांचं हौशी पत्र काढणाऱ्यांपैकी होते. आपल्या वेडाचं दुसरं कुणी आसपास नसणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक असणार. तुमच्या ज्या आवडीबद्दल घरात कुणाशी बोलता आलं नाही, ती आठवा. तिच्यासोबत थोडं बसा.

खरं सांगायचं तर अशा अंकांतलं बरंचसं लेखन भाबडं असायचं, चित्रं कच्ची. तिथं फार रेंगाळू नका.

त्यापेक्षा डोळ्यांसमोर एक बदक आणा. खलाशाची टोपी, सतत चिडलेलं. डोनाल्ड डकच्या अंकांवर नाव फक्त वॉल्ट डिस्नेचं. पण वाचणाऱ्या मुलांना कळायचं की काही गोष्टींतली बदकं वेगळी आहेत: त्यांचा राग खरा, त्यांची फजिती खरी. त्या अनाम हाताला त्यांनी ‘चांगली बदकं काढणारा’ असंच नाव देऊन टाकलं. १९४२ पासून हा माणूस काढत होता. कार्ल बार्क्स हे नाव चाहत्यांपर्यंत पोचायला १९६० उजाडलं.

ते बदक पुन्हा बघा. चोचीचा कोन, भुवईची रेघ. सही नसताना नुसत्या रेषेवरून माणूस ओळखायला किती वेळा, किती निवांत बघावं लागत असेल? मला वाटतं, या हौशी अंकांचं खरं काम हेच होतं. प्रकाशकांनी जे नोंदवायची तसदी घेतली नाही, ते या पोरांनी विचारलं: हे कोणी काढलं? बेल्सनं हा प्रश्न सोडलाच नाही. हेम्स वेअरबरोबर त्यानं १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन कॉमिक्समध्ये राबलेल्या माणसांचा चार खंडांचा नामकोश काढला.

आता तुमच्या लहानपणीची एखादी चित्रकथा घ्या. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ असेल. कवटीची गुहा, त्याचा लांडगा, त्याचा घोडा, सगळं लख्ख आठवेल. ते आठवू द्या. मग त्या फुग्यांतल्या मराठीकडे वळा. ते मराठी कुणी केलं होतं? नाव आठवतं का, ते राहू द्या. ते कधी शोधावंसं वाटलं होतं का, एवढं बघा.