कोण कोण आहे, तेच कळत नाही

1981 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या ॲल्विन थिएटरमध्ये एका संगीत नाटकाची वेशभूषा मोडीत काढली गेली आणि नटनट्यांच्या अंगावर स्वेटशर्ट चढले. छातीवर ठळक अक्षरांत पात्राचं नाव, नाहीतर त्याचं नातं. नाटक होतं ‘मेरिली वुई रोल अलाँग’. गीत-संगीत स्टीफन सॉन्डहाइमचं, संहिता जॉर्ज फर्थची, दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्सचं. 8 ऑक्टोबरला प्रिव्ह्यू सुरू झाले आणि लोक उठून जायला लागले. कित्येक तर मध्यंतराचीही वाट बघत नव्हते. तक्रार मुख्यतः एकच होती: कोण कोण आहे, तेच कळत नाही. नाटकवाल्यांनी ती अक्षरशः ऐकली. नावं कळत नाहीत ना, मग छातीवरच लिहून टाकू.

लिहिली, तरी लोक जातच राहिले. नायकाचं काम करणारा नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला, गाणी हलली, 1 नोव्हेंबरचा शुभारंभ 16 तारखेवर गेला. त्यानंतर सोळा प्रयोग झाले आणि 28 नोव्हेंबरला नाटक बंद पडलं. ‘कंपनी’, ‘फॉलीज’, ‘स्वीनी टॉड’ अशी नाटकं अकरा वर्षांत एकत्र करणारी सॉन्डहाइम-प्रिन्स जोडी या नाटकानंतर फुटली. दोघं पुन्हा एका नाटकावर एकत्र आले ते थेट 2003 साली.

आणि हेच नाटक 2023 च्या सप्टेंबरात ब्रॉडवेच्या हडसन थिएटरमध्ये परत आलं, तेव्हा तिकिटं मिळेनात. 2024 मध्ये सर्वोत्तम पुनरुज्जीवनासह चार टोनी पारितोषिकं त्याने नेली. या दोन टोकांच्या मध्ये काय झालं हे पाहताना मला वारंवार त्या स्वेटशर्टांपाशी थांबावंसं वाटतं. प्रेक्षकांचं ऐकायचं म्हणजे नेमकं काय ऐकायचं, हा प्रश्न इतका उघडावाघडा क्वचितच समोर येतो.

प्रिव्ह्यूची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. प्रेक्षक पैसे मोजून येतो, पण नाटकाचा अधिकृत शुभारंभ अजून व्हायचा असतो. समीक्षकांनी तोवर लिहायचं नाही असा संकेत असतो. सकाळी गाणं कापायचं, दुपारी नटांनी नवी वाक्यं पाठ करायची, रात्री ती लोकांसमोर म्हणायची, असं चार-सहा आठवडे चालतं. पूर्वी यासाठी गावाबाहेर जायची रीत होती: न्यू हेवन, बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन. न्यूयॉर्कच्या नजरेपासून दूर पडायचं, उठायचं, मग न्यूयॉर्कला यायचं. हे फिरणं पुढे परवडेनासं झालं. 1979 चं ‘स्वीनी टॉड’ गावाबाहेर न जाताच उभं राहिलं आणि गाजलं. ‘मेरिली’च्या वेळी तोच हिशेब मांडला गेला. फरक एवढाच की न्यूयॉर्कच्या प्रिव्ह्यूला जो प्रेक्षक येतो त्यातले बरेच जण धंद्यातले, धंद्याच्या आसपासचे, किंवा कुणाचं तरी बुडतंय या वासावर आलेले. कच्चं नाटक ते पक्क्या नजरेने बघतात आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर निकाल लावून मोकळे होतात.

तरीही माझं म्हणणं असं की तो प्रेक्षक चुकत नव्हता. जोडा कुठे चावतो हे ज्याचा पाय आहे त्यालाच कळतं. पण कातडं कुठे सैल करायचं हे त्याला विचारून उपयोग नाही. कंटाळा कुठे आला, हशा कुठे यायला हवा होता आणि आला नाही, याबाबत प्रेक्षकाइतका नेमका साक्षीदार दुसरा नाही. कारण सांगायला लागला की मात्र तो हाताला येईल ते सांगतो. मुरलेले दिग्दर्शक प्रिव्ह्यूला रंगमंचाकडे फारसं बघतच नाहीत. ते सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकून प्रेक्षकांच्या पाठी बघतात. खोकला कधी सुरू झाला, कार्यक्रमपत्रिका कधी चाळली जायला लागली, ओळीच्या टोकाचा माणूस कधी घड्याळाकडे वळला, याची मनात नोंद होते. लॉबीत लोक काय बोलतात ते त्यामानाने दुय्यम.

याचं सगळ्यात सुरेख उदाहरण 1962 चं. ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ हे रोमन धाटणीचं धमाल प्रहसन गावाबाहेरच्या प्रयोगांत थंड जात होतं. विनोद चांगले, नट अव्वल, दिग्दर्शनाला जॉर्ज ॲबट, आणि हशा नाही. प्रेक्षकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, विनोद जमले नाहीत. मग कुणीतरी विनोद घासत बसला असता. जेरोम रॉबिन्सला मदतीला बोलावलं, त्याने बोट ठेवलं ते पहिल्या गाण्यावर. ते गाणं होतं हलकंफुलकं, प्रेमाची हवा पसरवणारं. ते ऐकून लोक नाजूक प्रेमकथेच्या तयारीने सावरून बसत आणि पुढे धोतराला धोतर अडकणारा गोंधळ सुरू झाला की हसायचं की नाही, याच संभ्रमात राहत. सॉन्डहाइमने नवं सुरुवातीचं गाणं लिहिलं, ‘कॉमेडी टुनाइट’. आज काय बघायला मिळणार आहे ते त्यात स्वच्छ सांगून टाकलं. पुढची वाक्यं तीच राहिली, हशा मात्र यायला लागला, आणि ब्रॉडवेवर नऊशेहून जास्त प्रयोग झाले. दुखत होतं दुसऱ्या प्रवेशात, दोष होता पहिल्या पाच मिनिटांत.

आता ‘मेरिली’कडे या नजरेने बघू. गोष्ट उलटी चालते. फ्रँक नावाचा संगीतकार हॉलिवूडचा पैसेवाला निर्माता झाला आहे, त्याने मित्र गमावले आहेत. इथून सुरुवात करून नाटक वर्षावर्षाने मागे जातं आणि तीन कोवळी मुलं एका गच्चीवर उभी राहून आकाशातला स्पुटनिक शोधताहेत तिथे संपतं. 1981 ला प्रिन्सने सगळी पात्रं विशी-बाविशीच्या, काही तर त्याहून लहान, मुलांना दिली होती. पुढे ‘साइनफेल्ड’मुळे घराघरांत पोचलेला जेसन अलेक्झांडर त्यांच्यातच होता, प्रिन्सची मुलगी डेझीही होती. कल्पना कागदावर छान: चाळिशीतली निबर माणसं कोवळ्या पोरांनी करायची आणि नाटक मागे सरकेल तशी ती पोरं स्वतःच्या वयाला येऊन पोचायची. पण तिकीट काढलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात दिसायचं काय? शाळेच्या गॅदरिंगसारखी मोठ्या माणसांची सोंगं करणारी मुलं, आणि मधोमध एक माणूस, ज्याच्याबद्दल आपुलकी वाटावी असं त्याने अजून काहीच केलेलं नाही. त्याची चांगली बाजू बघायला शेवटपर्यंत बसायला हवं, आणि बसावं असं काही आधी घडत नाही.

कोण कोण आहे ते कळत नाही, असं माणूस कधी म्हणतो? लग्नाच्या मांडवात ज्या नातेवाइकांत आपल्याला रस नसतो त्यांची नावं दहादा सांगूनही ध्यानात राहत नाहीत. प्रेक्षकाला म्हणायचं होतं, ही माणसं कोण का असेनात, मला त्यांचं काही वाटत नाही. हे तोंडावर सांगणं जड जातं, म्हणून तो सोपी तक्रार करतो. आणि सोप्या तक्रारीला सोपा उपाय मिळतो: स्वेटशर्ट.

पुनरुज्जीवनाच्या प्रिव्ह्यूत यात आणखी एक गुंता मिसळतो. तिथला प्रेक्षक कोऱ्या कानाने येत नाही. ‘मेरिली’ बंद पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच मुलांनी स्टुडिओत जाऊन त्याची ध्वनिमुद्रिका केली. नाटक पाहिलेले थोडे, पण गाणी तोंडपाठ असलेल्यांच्या पिढ्या तयार झाल्या. असा माणूस तुमच्या पहिल्या प्रिव्ह्यूला येतो तेव्हा तो समोरचं नाटक बघतो की मनातलं वाजणारं पडताळून घेतो, हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ 2010 मध्ये राहुल देशपांडे यांनी पुन्हा रंगभूमीवर आणलं तेव्हा हे आपण अनुभवलं आहे. 1967 ला खाँसाहेब उभे केले ते त्यांच्या आजोबांनी, वसंतरावांनी. नातू गात असताना सभागृहातले निम्मे लोक आजोबांना ऐकत होते. पसंतीची मान हलत होती ती कुणासाठी, हे ओळखणं अवघड होतं, नापसंतीचंही तसंच.

2019 च्या ब्रॉडवेवरच्या ‘ओक्लाहोमा!’च्या पुनरुज्जीवनाची गंमत याच्या उलट. डॅनियल फिशने शब्द जवळजवळ तसेच ठेवले, सभागृहातले दिवे लख्ख ठेवले, मध्यंतरात प्रेक्षकांना चिली आणि मक्याचा पाव खायला दिला, आणि शेवटचा मृत्यू असा बसवला की तो अपघात वाटेना. काही लोक भारावले, काही मध्यंतरातच चिली खाऊन घरी गेले. गेलेल्यांना विचारलं तर ते म्हणत, नाटकाची मोडतोड केली. खरं तर नाटक जागच्या जागी होतं, मोडली होती ती त्यांची आठवण. असला राग ऐकून दिग्दर्शकाने नाटक बदलायला घेतलं असतं तर पुन्हा स्वेटशर्टच शिवले गेले असते.

प्रेमाचा गोंगाट तर रागापेक्षा फसवा. ‘कंपनी’चं नवं रूप, ज्यात मॅरिअन एलियटने नायकाची नायिका केली, त्याचे ब्रॉडवेवरचे प्रिव्ह्यू 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि दहाएक दिवसांत करोनाने थांबले. 22 मार्चला, सॉन्डहाइमच्या नव्वदाव्या वाढदिवशी, शुभारंभ ठरला होता. प्रिव्ह्यू पुन्हा सुरू झाले ते 15 नोव्हेंबर 2021 ला. त्या रात्री सॉन्डहाइम स्वतः येऊन बसले आणि अख्खं सभागृह त्यांच्यासाठी उभं राहिलं. पुढे अकराव्या दिवशी ते गेले. त्या रात्रीच्या टाळ्यांवरून कुणी दुसऱ्या अंकाची लांबी ठरवू शकेल का? अशा वेळी मागच्या भिंतीला टेकलेल्या माणसाने कान बंद करून घेतलेले बरे.

मराठी संगीत रंगभूमीने मात्र सुरुवातीला एक वेगळीच सोय करून घेतली होती. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चारच अंक केले; उरलेले नंतर. ‘सौभद्र’चेही 1882 मध्ये आधी तीन अंक झाले, पाच अंक पुढे. हेतू काहीही असो, अर्धं नाटक लोकांसमोर ठेवायचं आणि त्यांचा नूर बघत उरलेलं उभं करायचं, ही संधी त्यातून मिळाली असणारच. आज आपल्याकडे पहिला प्रयोग म्हणजे हारतुरे, पाहुणे, निर्मात्याचं मनोगत आणि पहिल्या रांगेत नात्यागोत्यातली मंडळी. नाटक पंचविसाव्या प्रयोगापर्यंत मुरतं असं म्हणतात ते खरं आहे, पण मधल्या चोवीस प्रयोगांचा प्रेक्षक पूर्ण पैसे भरून तालमीला बसतो आणि त्याला तसं कुणी सांगत नाही. ब्रॉडवे निदान तसं सांगून बसवतो, जरी तिकीट हल्ली तिथेही स्वस्त राहिलेलं नाही.

‘मेरिली’ दुरुस्त झालं ते कुठल्याच प्रिव्ह्यूत नाही. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात ला होया इथे जेम्स लॅपाइनच्या दिग्दर्शनाखाली त्याची फेरबांधणी झाली. सुरुवातीचं गाणं बदललं, फ्रँकला एक नवं गाणं मिळालं. 1992 मध्ये इंग्लंडात लेस्टरला प्रयोग झाले, त्यात फ्रँकच्या मैत्रिणीचं, मेरीचं काम मारिया फ्रीडमनने केलं. वीस वर्षांनी तीच लंडनच्या चिमुकल्या मेनियर थिएटरमध्ये दिग्दर्शक म्हणून हे नाटक घेऊन उभी राहिली. मग वेस्ट एंड, मग बॉस्टन, मग 2022 च्या अखेरीस न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपच्या 199 खुर्च्या, आणि त्यानंतरच ब्रॉडवे. काळाचा उलटा क्रम तिने सरळ केला नाही. मोठ्या वयाचे नट घेतले आणि सगळी गोष्ट फ्रँकच्याच आठवणीत, त्याच्याच अपराधी डोळ्यांसमोर घडते अशी मांडली. त्याची चांगली बाजू अजून शेवटीच कळते, पण त्याला स्वतःला आपली वाईट बाजू ठाऊक आहे हे सुरुवातीलाच दिसतं, आणि तेवढ्यावर माणूस थांबतो.

इथे एक शंका मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हडसनच्या रंगमंचावर जोनाथन ग्रॉफ होता, लिंडसे मेंडेझ होती, आणि फ्रँकच्या मित्राच्या, चार्लीच्या भूमिकेत डॅनियल रॅडक्लिफ होता. हॅरी पॉटरचा चेहरा ओळखायला छातीवर नाव लागत नाही. प्रत्येक जण कोण आहे ते प्रेक्षकाला आत शिरण्याआधीच माहीत होतं, आणि त्यांच्याबद्दल काहीतरी वाटावं एवढी पुंजी तो घरूनच घेऊन आला होता. तेव्हा नाटक सुधारलं किती आणि प्रेक्षक तयार होऊन आला किती, याची वजाबाकी मला जमलेली नाही. टीव्हीवरच्या मुलाखतीत चार्लीचा तोल सुटतो ते गाणं रॅडक्लिफ घामाघूम होत, शब्दांवर शब्द आपटत म्हणतो, तेव्हा ही शंका बाजूला पडते. पण ती मिटत नाही.

1981 चा मूळ घोटाळा वयाचा होता, आणि त्यावर एक तोडगा सध्या भलत्याच माध्यमात चालू आहे. रिचर्ड लिंकलेटर या नाटकावर चित्रपट करतो आहे. नटांनी सोंगं घ्यायला नकोत म्हणून तो त्यांची खरी वयं वाढायची वाट बघत वीस वर्षांत तुकड्यातुकड्याने चित्रण करणार आहे. सुरुवात 2019 मध्ये झाली. गोष्ट उलटी असल्यामुळे शेवटचे प्रवेश आधी चित्रित होतात आणि पहिले सर्वांत शेवटी. म्हणजे नायक आपल्याला आवडतो की नाही हे ठरवणारी पहिली वीस मिनिटं साधारण 2040 च्या सुमाराला हाती येतील, आणि तोवर ती कुणाही प्रेक्षकाला दाखवून पाहण्याची सोय नाही.