कड कशाखाली खोचायची?

मच्छरदाणी लावणं हे आमच्या घरी आजीचं खातं. चारी नाड्या खिळ्यांना बांधल्या की ती गादीभोवती फिरत जाळीची कड आत खोचत जायची. पायथ्याशी बोटभर फट राहिली तरी पुन्हा वाकायची. ‘तेवढीच वाट बघत असतात मेले,’ म्हणायची.

अशाच मच्छरदाण्या आफ्रिकेत पोचवायला अमेरिकेतलं युनायटेड मेथडिस्ट चर्च 2006 मध्ये ‘नथिंग बट नेट्स’ या मोहिमेत उतरलं. हिशेब कुणालाही कळेल असा: दहा डॉलर, एक मच्छरदाणी. जगात मलेरियाने जाणारे बहुतेक जीव आफ्रिकेतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात आणि मलेरियाचा डास चावतो मुख्यतः रात्री. त्यामुळे औषध मुरवलेली जाळी उपयोगी पडते, यात वाद नाही. पण उघड्या जमिनीवर झोपणाऱ्या पोराने जाळीची कड खोचायची कशाखाली?

टोरांटोच्या मरे ड्रायडन यांनी सुरुवात अंथरुणापासून केली, तीही आपल्या पुण्यात. 1970 मध्ये त्यांनी इथल्या 50 मुलांना झोपायचं सामान दिलं. (आइस हॉकीचा नामवंत गोलरक्षक केन ड्रायडन हा त्यांचा मुलगा, म्हणजे जाळीशी त्या घराचा संबंध होताच.) त्यांच्या संस्थेच्या संचात आजही गादी, चादर आणि मलेरियाच्या भागात मच्छरदाणी असते. सामान शक्यतो त्या-त्या देशातच बनवून घेतात, हे मला विशेष आवडतं. पैसे देणाऱ्यांत घरं असतात, शाळा असतात, चर्चच्या मंडळ्या असतात.

देणाऱ्याला मग एक फोटो मिळतो. नव्या अंथरुणासोबत मूल आणि शेजारी देणाऱ्याच्या नावाची पाटी. इथे मी अडखळतो. आपला पैसा पोचला का, हे विचारण्यात गैर काय? मीही विचारतो. पण पावती म्हणून लेकराचा चेहरा घ्यायचा, तर निदान ते हसलं नाही तरी चालेल एवढी मुभा त्याला असावी. शिवाय फोटो उजेडात निघतो. रात्री ती जाळी टांगली गेली की घडी करून पेटीत ठेवली, हे त्यात दिसत नाही. काही ठिकाणी तिने मासेही धरले गेलेत. भुकेल्या घराला त्यावरून बोल लावायला मी धजणार नाही.

आफ्रिकेतल्या काही मोहिमांनी म्हणूनच स्वयंसेवक घरोघरी पाठवले. खिळा ठोकायचा, दोरी बांधायची, जाळी टांगून द्यायची, कड खोचून दाखवायची. त्याचा फोटो काही चांगला येत नसणार. खोलीत अंधार असतो आणि माणूस पाठमोरा वाकलेला असतो.